गॅलरीतली कोळिष्टकं

माझ्या घरात एक कोळिष्टक दाखवा आणि माझं नाव बदला, असं मी सोसायटीभर बिनदिक्कत सांगत फिरायचे. मांजलपूरच्या आमच्या या सोसायटीत मराठी घरं मोजकीच, पण लीलाताईंच्या फरशीत तोंड बघून घ्यावं हे गुजराती शेजारणीसुद्धा कबूल करायच्या. आता काय करायचं ते करा, खुशाल बदला नाव. सध्या माझ्या गॅलरीत कोळिष्टकं लोंबतायत, आणि ती मी स्वतः आणून लावली आहेत.

हसू नका. सगळं सांगते.

‘हे’ म्हणजे आमचे लक्ष्मीकांत. कोयलीच्या रिफायनरीत सबंध आयुष्य घालवलेला माणूस. शिफ्ट संपवून यायचे ते जिन्यापासूनच बोलत बोलत वर यायचे. मी करवादायचे, “अहो, आधी घरात तर या, मग बोला!” गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू व्यायामानं थोडीफार परत आली, वाचा मात्र आली नाही. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, “बोलणं येऊ शकतं. पण मन कशात तरी लागलं पाहिजे त्यांचं. नुसते बसून राहिले तर राहिलंच.” तेवढं एक वाक्य मी पदराला गाठ मारल्यागत धरून ठेवलं.

आता मन कशात लावायचं? देवात, दुसरं कशात! मी त्यांची चाकाची खुर्ची देवघरासमोर ठेवायला लागले. सकाळ-संध्याकाळ स्पीकरवर स्तोत्रं. त्यांच्यासमोर पाट घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “म्हणा, राम. रा... म.” ते ओठ मिटून घ्यायचे. मग त्यांची मान हळूहळू गॅलरीकडे वळायची. मी हनुवटीला धरून पुन्हा देवाकडे वळवायचे. लहान पोराला औषध पाजावं तशी मी त्यांना देव पाजत होते, आणि ते तो थुंकून टाकत होते.

आमच्या गॅलरीला लागून शेवग्याचं झाड आहे. थंडी सरता सरता ते पांढऱ्या फुलांनी असं लगडलं, की पान दिसेना. लोक बघून म्हणायचे, वसंत आला. मी म्हणायचे, कचरा आला. दिवसभर ती फुलं गॅलरीत गळायची आणि दिवसभर मी झाडायचे.

माझी सून दीप्ती डभोईची, गुजराती. आमच्या घरात आल्यापासून तिचं मराठी आणि माझं गुजराती दोन्ही सारखंच बिघडलंय. एकदा ती म्हणाली, “मम्मी, पप्पांना गॅलरीत बसू द्या ने. त्यांना तिथे गमतं.” मी म्हटलं, “गमतं काय? तिथे आहे काय बघायला?” पण ती माझ्या दुपारच्या झोपेच्या वेळी त्यांना गुपचूप बाहेर न्यायची. मला कळलं होतं. म्हटलं, घेऊ देत ऊन, हाडाला बरं.

शिवरात्र झाली आणि यांनी एक नवंच सुरू केलं. ओठांचा चंबू करायचा आणि आवाज काढायचा. “च्विट्.” पहिल्यांदा मला वाटलं, घास अडकला. मग पुन्हा, “च्विट्, च्विट्.” आणि तोंडावर हसू. झटका आल्यापासून मी ते हसू बघितलं नव्हतं. आता मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मला लाज वाटली. म्हटलं, झालं, डोक्यावरही परिणाम झाला. मी कोणासमोर त्यांना बसवेना.

त्यातच संयोगिताबाई आल्या. त्या आमच्या मराठी महिला मंडळाच्या पुढारी. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते, हे त्यांच्या बोलण्यात भाजीतल्या मिठासारखं असतंच. चैत्रगौरीचं हळदीकुंकू कोणाकडे कधी, ते ठरवायला आल्या होत्या. हे गॅलरीच्या दारात बसलेले. मी आपली म्हणत होते की, “यंदा आमच्याकडे पहिलं ठेवू या,” आणि मागून आवाज आला, “च्विट्.” आणि लगेच, “च्विट्, च्विट्,” चांगला मोठ्यानं. संयोगिताबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “किती सोसता हो लीलाताई,” म्हणाल्या, “एवढा हुशार माणूस, आणि हे काय होऊन बसलं!”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठले, तरातरा गेले, खुर्ची आत ओढली, गॅलरीचं दार लावून कडी घातली. यांना म्हटलं, “पुरे झाला तमाशा!” संयोगिताबाईंसमोर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे बघितलं. मी स्पीकरचा आवाज वाढवला.

तेव्हापासून दार बंदच ठेवलं. दीप्तीलाही बजावलं. हे डाव्या हातानं कडी चाचपायचे, पोचायची नाही. मी म्हणायचे, “देवासमोर बसायला काय होतं हो तुम्हाला?”

पाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र दार उघडावंच लागलं, कारण आमची गुढी गॅलरीत उभी राहते. घराची साफसफाई आधीच झाली होती, गॅलरी तेवढी उरली होती. मी कमरेला पदर खोचला, फुलं झाडून फरशी पुसून घेतली आणि मग लांब दांड्याचा झाडू घेतला. कोपऱ्यात छताजवळ जुन्या केबल टीव्हीची वायर लोंबकळत होती, कोणी काढलीच नव्हती. तिच्या टोकाला कोळिष्टकाचं एक बोचकं लटकलं होतं. वाळकी पानं, कागदाचे कपटे, कापूस, सगळं जाळ्यात गुंडाळलेलं. मागेही नजरेला पडलं होतं ते. तेव्हाच मनात म्हटलं होतं, थांब, पाडव्याला तुझा नंबर.

दीप्तीनं यांची खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली होती. मी झाडू वर केला आणि मागून पदर ओढला गेला. बघते तर यांनी डाव्या हातात माझा पदर गच्च धरलेला. “अहो, सोडा,” मी म्हटलं, “पडेन मी!” सोडेनात. मी हिसडा दिला, पदर सोडवून घेतला आणि झाडू मारला. बोचकं खाली आलं.

“नको.”

स्पष्ट. ‘न’ वेगळा, ‘को’ वेगळा. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. माझ्या हातातला झाडू गळून पडला.

“देवा रे!” मी ओरडले. “दीप्ती! अगं धाव, हे बोलले! नको म्हणाले!” मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं, रडले काय, हसले काय. दीप्ती पिठाच्या हातांनी धावत आली. मी देवघरातली वाटी आणली आणि चिमूटभर साखर यांच्या तोंडात घातली. म्हटलं, माझी सेवा रुजू झाली. पाडव्याच्या तोंडावर देव पावला.

यांनी साखर थुंकून टाकली.

मला वाटलं, तोंडात राहिली नाही. पुन्हा घालायला गेले तर मान फिरवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते. फरशीकडे बघत होते. मीही बघितलं. दीप्ती खाली वाकली होती.

“मम्मी,” ती म्हणाली, “आ तो माळो छे. घरटं आहे हे.”

बोचक्याला बाजूनं एक गोल दार होतं. दाराला वरून चक्क छोटीशी पडवी काढलेली. आत शेवरीच्या कापसाची गादी. एक अंडं त्या कापसात चेपलं होतं. दुसरं माझ्या चकचकीत फरशीवर फुटलं होतं, सोललेल्या शेंगदाण्याएवढं. मी आत्ताच ती फरशी पुसून घेतली होती.

शेवग्यावर एक भुरकट, पोटाशी पिवळसर, एवढीशी चिमणी फांदीवरून फांदीवर उड्या मारत होती. चोच बारीक आणि वाकडी. तिचा तो काळा-जांभळा नर उन्हात चमकत होता. “शक्करखोरा,” दीप्ती म्हणाली, “फुलातला मध पितो ने, तो.” आणि ती चिमणी एकसारखी ओरडत होती. च्विट्. च्विट्. च्विट्.

आता सांगा, मी कुठे तोंड लपवायचं होतं? वेडाचा नव्हता तो आवाज. डॉक्टर म्हणाले होते तशी मनाला ओढ लागली होती, जीभ वळायला लागली होती. सगळं माझ्या गॅलरीत माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि मी दाराला कडी घालून आत स्पीकर लावून बसले होते.

दीप्तीनं दोऱ्यानं ते घरटं परत वायरीला बांधलं. मादी आली, जवळून फिरली, दारात डोकावली आणि निघून गेली. पुन्हा बसली नाही. संध्याकाळी दीप्तीनं ते रिकामं घरटं सोडवून घेतलं. यांनी ते सगळं बघितलं. मग डाव्या पायानं जमिनीला रेटा देत देत त्यांनी आपली खुर्ची स्वतः फिरवली आणि देवघराकडे तोंड करून बसले. इतके महिने मी ज्या दिशेला त्यांची मान वळवत होते, त्या दिशेला ते आपणहून वळले. मला ते बघवेना.

पाडव्याला गुढी उभारली. कडुनिंबाची पानं आणि गूळ यांच्या तोंडात घातला, त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. गुढीकडे बघितलं नाही. मी हात जोडले, पण मागू काय? तुझ्या सणासाठी घर स्वच्छ केलं देवा, आणि स्वच्छ करता करता एक घर मोडलं, असं सांगू? काहीच न मागता परत फिरले. यांना “चुकले हो” म्हणायलासुद्धा माझी जीभ उचलेना. आमच्या घरात त्या दिवसापासून दोघांचीही वाचा गेली होती म्हणा ना.

स्पीकर मी बंद केला. लावायची लाज वाटायला लागली.

मग एका दुपारी हे झोपलेले असताना मी गॅलरीत गेले. यांची खुर्ची असायची तिथे स्टूल ठेवून बसले. हातात झाडू नाही, निवडायला भाजी नाही, काही नाही. मला असं बसता येत नाही. पायाच्या बोटाशी शेवग्याची फुलं पडली होती, हात नुसते शिवशिवत होते. पण म्हटलं, बस मेले, हे काय बघत होते ते बघ तरी.

पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग दिसायला लागलं. उभ्यानं झाडताना शेवगा दिसतो तसा खुर्चीतून दिसत नाही. खुर्चीतून वर बघितलं की नुसती फुलं आणि फुलांच्या मधून आभाळ. ती मधमाश्यांची गुणगुण एकसारखी चालूच असते, कोणी ऐको न ऐको. एक फूल सुटलं, गिरक्या घेत खाली आलं आणि माझ्या मांडीवर पडलं. हुंगलं तर गोड वास. इतकी वर्षं केरात भरून टाकली मी ही फुलं, वास घेतला नव्हता कधी. मला देवघरात बसल्यावर यायचं नाही असं पाणी डोळ्यांना आलं. आपण काही न मागता कोणी आपल्या मांडीवर काहीतरी ठेवून जातंय, असं वाटलं. हे रोज असे बसत होते, माझ्यापेक्षा कितीतरी आधी पोचले होते, आणि मी त्यांना हनुवटीला धरून देव दाखवत होते!

तेवढ्यात ती मादी आली. गजाला लटकली आणि कोपऱ्यात चोचीनं काहीतरी चाचपायला लागली. मग पाइपाच्या मागे गेली. मग एसीच्या खोक्याखाली. प्रत्येक ठिकाणाहून रिकामी चोच घेऊन परत. काय शोधतेय हे मला जरा वेळानं कळलं. तिला कोळिष्टकं हवी होती, घरटं विणायला. आणि लीलाताईंच्या गॅलरीत कोळिष्टक सापडेल होय? मी कोपरान् कोपरा पुसून काढला होता.

मी उठले. तोच लांब झाडू घेतला आणि खाली पार्किंगमध्ये गेले. मीटरच्या खोलीत कोळिष्टकांना तोटा नाही. अलगद गोळा केली. वॉचमन म्हणाला, “बा, सफाई करो छो?” म्हटलं, “ना भाई, कचरो लेवा आवी छुं. कचरा न्यायला आलेय.” तो बघतच राहिला. जिन्यातून वर येताना शेजारीण भेटली, तीही बघत राहिली. बघू दे. मी ती कोळिष्टकं गॅलरीच्या गजांना, वायरीला, कोपऱ्याला लोंबत ठेवली. माझ्या हातांना ते काम इतकं परकं होतं, की दोनदा धू-धू धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गजावरचं निम्मं जाळं गायब. वायरीच्या टोकाला करडा ठिपका. मी दाराआड उभी राहून तोंडावर पदर धरून रडले.

यांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? ते पाठ करूनच बसायचे. पण आता घरात स्पीकर नव्हता, त्यामुळे बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं. कधी च्विट् ऐकू आलं, की त्यांची मान किंचित हलायची. खुर्ची मात्र वळायची नाही.

मग आमच्याकडचं हळदीकुंकू आलं. दिवाणखान्यात चैत्रगौर मांडायची, तिच्यापुढे आरास, म्हणजे खुर्चीला जागा नाही. मी यांच्याजवळ गेले आणि पहिल्यांदाच विचारलं, “गॅलरीत नेऊ का तुम्हाला?” त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दीप्तीनं खुर्ची बाहेर नेली. मी स्वयंपाकघरात आंब्याच्या डाळीला फोडणी देत होते, तिथून मला त्यांची नुसती पाठ दिसत होती. त्यांची मान वर झाली आणि वरच राहिली. मोहरी जळून गेली तरी मी बघत उभी.

बायका आल्या. हळदीकुंकू झालं, भिजवलेले हरभरे ओटीत घातले, डाळ सगळ्यांना आवडली. मी पन्ह्याचे पेले घेऊन फिरत होते. संयोगिताबाई “इथे काय छान वारा आहे हो,” म्हणत गॅलरीत गेल्या आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

“अगंबाई! लीलाताई, हे काय? तुमच्याकडे कोळिष्टकं?”

सगळ्या दाराशी जमल्या. कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान गरम झाले. संयोगिताबाई म्हणाल्या, “आजारपणात कुठे होतंय तुमच्यानं, समजतं मला. थांबा, मी काढते.” आणि कोपऱ्यातला तो लांब दांड्याचा झाडू त्यांनी उचलला. यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला. संयोगिताबाईंचा पदर दूर होता, यांच्या हाताला लागणार नव्हता.

“नको!”

मीच ओरडले. तबक हातातून सुटलं, पेले फुटले, पन्हं फरशीभर झालं. मी धावत जाऊन झाडू धरला. संयोगिताबाई घाबरून मागे सरल्या.

“घरटं आहे ते,” मी म्हटलं. “याच्या आधीचं मी पाडलं. याच झाडूनं, अंड्यांसकट. हे माझा पदर धरून मला अडवत होते, मी हिसडा दिला. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर मी यांना तमाशा म्हटलं ना? ते तिच्याशी बोलत होते. मला यांची लाज वाटली होती, संयोगिताबाई. मला. यांची.”

बायका आपापल्या पेल्यात बघायला लागल्या. तेवढ्यात त्या छोट्या दारातून एक वाकडी चोच बाहेर आली, आत गेली. आणि इतक्या दिवसांनी यांनी ओठांचा चंबू केला.

“च्विट्.”

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. रेशमी साडी पन्ह्यात भिजत होती, भिजू दे. वर वायरीकडे बघितलं, ओठांचा चंबू केला आणि सगळ्या मंडळासमोर आवाज काढला. “च्वी...” गंजक्या बिजागरीसारखा निघाला तो. दीप्ती तोंडावर हात धरून हसली.

यांनी मान वळवली. पाडव्याच्या आदल्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं नव्हतं, ते आता बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी पुन्हा केला.